कीर्द, खतावणी आणि लेकीचा प्रश्न



गेल्या दिवाळीत संध्याकाळी वहीपूजनाची तयारी करत होते. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवून आलो होतो, दिवसभर पाहुणे झाले, आणि आता नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढायला बसले होते. लेक शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली. सुट्टीत घरच्यासाठी जमाखर्चाचं एक लहानसं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायचं तिच्या मनात होतं. मान वर न करता तिनं विचारलं, "आई, आपला हिशोब फाइलीत ठेवू की डेटाबेसमध्ये?"

मी म्हटलं, "हे मला काय विचारतेस? तू शिकलीस ना त्यातलं."

"हिशोब तुझा आहे. आणि मागच्या वेळी बुडाला तोही तुझाच."

बोलणं लागलं, पण खरं होतं. मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मी हे सगळं कशासाठी वाचत बसले ते कळेल.

सासूबाई लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत घरचा जमाखर्च लिहायच्या. त्यांच्यानंतर मी काही वर्षं लिहिला आणि मग हौसेनं संगणकावर नेला. विकत घेतलेला प्रोग्रॅम होता. नऊ वर्षं रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्यात नोंदी करत होते. मग एक दिवस संगणकच बंद पडला. मी शहाणपणानं त्याची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती, म्हणून घाबरले नाही. पण नव्या संगणकावर तो प्रोग्रॅम चढेना, बनवणाऱ्यांनी ती आवृत्ती कधीच बंद केली होती, आणि फाइल उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. फाइल शाबूत होती, फक्त ती वाचू शकणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या नऊ वर्षांत भाजी, दूध, शाळेची फी होतीच. त्याचं काही एवढं नाही. पण गावच्या पंचकल्याणकात मामंजींनी एक बोली घेतली होती आणि ती चार हप्त्यांत द्यायची ठरली होती. मामंजी गेले. मंदिराच्या वहीत तीन हप्ते जमा होते, घरात पावत्याही तीनच सापडल्या. चौथा दिल्याचं मला अंधुक आठवत होतं, टाइप केल्याचंही आठवत होतं. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. बोललेलं दान हे देणं असतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. शेवटी ह्यांनी आणि मी ती रक्कम भरून टाकली. दोनदा गेली असेल तर असो. एकदाही गेली नसेल या विचारानं मला झोप लागत नव्हती.

आणि सासूबाईंची १९७४ सालची वही अजून उघडते. दळण, रॉकेल, महाराजांच्या आहाराच्या दिवशीचं जादा दूध. शाई तपकिरी झालीये, एवढंच.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाला मी पटकन म्हणाले, "फाइल. साधी. कुणालाही वाचता येईल अशी." ती हसली आणि म्हणाली, "आणि लिहिता लिहिता वीज गेली तर?"

इथून माझं वाचन सुरू झालं. वाटलं होतं की रुक्ष असेल. निघाली आपलीच गोष्ट.

जुन्या पेढ्यांवर हिशोबाची एकच वही कधी नसायची, हे तुमच्यापैकी ज्यांच्या माहेरी दुकान होतं त्यांना ठाऊक असेल. आधी कच्ची वही. मग कीर्द, म्हणजे रोजच्या रोज घडेल त्या क्रमानं लिहायची. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आणि मग खतावणी, जिच्यात माणसागणिक, मालागणिक वेगळं खातं. कीर्दीतली प्रत्येक रक्कम खतावणीत तिच्या खात्यावर न्यायची आणि कीर्दीत शेजारी खातेपानाचा आकडा टाकायचा. शेवटी सगळ्या खात्यांची तेरीज काढून ताळा बघायचा. माझे वडील म्हणायचे की खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते, पण कीर्द जळाली तर माणूस बसतो. कीर्दीत खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी उलटी नोंद घालून दुरुस्त करायची, जुनी चूक दिसत राहिली पाहिजे.

ही पद्धत आपल्याकडेच होती असं नाही. इटलीत लुका पॅचिओली नावाच्या एका ख्रिस्ती साधूनं १४९४ मध्ये व्हेनिसला गणितावरचा मोठा ग्रंथ छापला. त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशोब कसा ठेवतात त्यावर एक भाग आहे. त्यातही वह्या तीनच: कच्ची टिपणवही, रोजची कीर्द आणि खतावणी. द्विनोंदी पद्धत त्यानं शोधली असं पुष्कळ जण म्हणतात. ते बरोबर नाही, व्यापारी आधीपासून तसं लिहीत होते, त्यानं ते नीट मांडून छापलं. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वहीच्या आरंभी देवाचं नाव घालावं आणि पहिल्या वहीवर क्रॉसची खूण करावी असं तो सांगतो. आपण 'श्री' आणि स्वस्तिक काढतो, 'श्री महावीराय नमः' लिहितो. साधूलाही हिशोबाची वही देवाच्या नावानंच उघडावीशी वाटली.

आपल्या समाजातलं उदाहरण द्यायचं तर कविवर बनारसीदासांचं. जौनपूरला जन्मलेले, आग्र्याला व्यापार केलेले हे जैन गृहस्थ. १६४१ मध्ये त्यांनी 'अर्धकथानक' हे स्वतःचं चरित्र लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं, म्हणून पंचावन्न वर्षांची ही अर्धी कथा. त्यात धंद्यातली खोट, गेलेलं भांडवल, आग्र्यातल्या एका बड्या असामीकडून भागीदारीचा हिशोब मिटवून घेण्यासाठी घातलेले खेटे, सगळं मोकळेपणानं आलंय. शेवटी आपले गुण आणि दोष दोन्ही त्यांनी मांडून ठेवलेत, जमा आणि नावे असावेत तसे.

आता संगणकाकडे.

१९७० मध्ये आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञानं एक निबंध लिहिला. तोवर संगणकातली माहिती ज्या प्रोग्रॅमनं लिहिली त्याच्याच वाटेनं शोधावी लागे. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहा आणि बाकी ठिकाणी तिचा फक्त खुणेचा आकडा द्या. म्हणजे दूधवाल्याचं नाव शंभर ठिकाणी लिहायचं नाही, खात्यांच्या तक्त्यात एकदा लिहायचं आणि रोजच्या नोंदीत त्याचा क्रमांक टाकायचा. हे वाचताना मला वडिलांच्या कीर्दीतलं खातेपान आठवलं. डेटाबेस म्हणतात तो याच विचारातून वाढला.

पण लेकीचा वीज जाण्याचा प्रश्न वेगळा होता, आणि तो फार महत्त्वाचा निघाला. समजा मी बँकेतून पाच हजार काढून घरखर्चाला घेतले. नोंदी दोन: बँकेतून कमी, घरातल्या रोखीत जास्त. पहिली लिहून झाली आणि वीज गेली तर? पाच हजार हवेत विरले. दोन्ही लिहिल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर एकही नको. अमेरिकेतल्या जिम ग्रे या संशोधकानं आयुष्याचा मोठा भाग या एका गोष्टीवर घालवला. १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार त्याला यासाठीच मिळाला. १९८१ च्या त्याच्या निबंधात त्यानं उदाहरण घेतलंय ते जुन्या हिशोबनिसांचं. पाटीवर किंवा कागदावर लिहिणारे हिशोबनीस लिहिलेलं कधी पुसत नाहीत, चूक झाली तर भरपाईची नवी नोंद करतात, आणि संगणकानंही तेच करावं, असं त्याचं म्हणणं.

आज चांगला डेटाबेस नेमकं हेच करतो. खऱ्या तक्त्याला हात लावण्याआधी काय बदलायचं ते वेगळ्या नोंदवहीत क्रमानं लिहून ठेवतो, आणि सवडीनं ते तक्त्यांत चढवतो. मध्येच वीज गेली तर परत सुरू होताना ती नोंदवही वाचतो. पुरी झालेली नोंद चढवतो, अर्धवट असलेली सोडून देतो. मी लेकीला म्हटलं, "अगं, ही कीर्द आहे! कीर्द आधी, खतावणी मग." ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "आम्हाला कॉलेजात असं कुणी सांगितलं नाही."

साध्या फाइलीत हे आपोआप होत नाही. प्रोग्रॅम बहुधा सगळा हिशोब स्मृतीत उचलतो, त्यात बदल करतो आणि 'सेव्ह' म्हटलं की पूर्ण फाइल नव्यानं लिहितो. हुशार प्रोग्रॅम आधी दुसऱ्या नावानं लिहितो आणि लिहून झाल्यावरच नाव बदलतो, म्हणजे जुनी प्रत तोवर सुरक्षित राहते. पण ते लिहिणाऱ्यानं आठवणीनं करायला हवं.

घरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास मात्र फाइलींचाच आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत स्कॉट कुक यांनी टॉम प्रू यांच्यासोबत इंट्यूट ही कंपनी काढली. बायको घरची बिलं भरताना वैतागते हे पाहून कुक यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगतात. त्यातून 'क्विकन' आलं. (बिलं भरणारी ती, कंपनी काढणारे ते. असो.) आपल्याकडे १९८६ मध्ये बंगळूरला श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी जे सुरू केलं ते पुढे 'टॅली' झालं, आणि दुकानादुकानातल्या मुनीमजींच्या वह्या तिकडे गेल्या. टॅली वापरणाऱ्या मैत्रिणींनी ते १०००० आकड्याचं फोल्डर पाहिलं असेल. त्यातल्या फाइली टॅलीच वाचते. मायक्रोसॉफ्टचं 'मनी' १९९१ मध्ये आलं आणि २००९ मध्ये त्याची विक्री थांबली. वापरणाऱ्यांचा हिशोब अडकू नये म्हणून कंपनीनं पुढच्या वर्षी एक फुकट आवृत्ती दिली, तिला नाव दिलं 'सनसेट'. सूर्यास्त! सूर्यास्ताआधी सगळं आटोपून घ्यायची आपल्याला सवय असते, इथे ती कामी आली असती.

या गोष्टीत मला सगळ्यात शिकवून गेलं ते 'ग्नूकॅश'. हे फुकट मिळणारं, अनेकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, १९९८ पासूनचं. त्यांनी हिशोब एक्सएमएल नावाच्या मजकुराच्या फाइलीत ठेवला, जी उलगडून कुणालाही वाचता येते. अर्थात आपण वाचत नाही, पण वाचता येते हे महत्त्वाचं. २०१० च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीत त्यांनी डेटाबेसचीही सोय दिली. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद लागलीच जतन होते, 'सेव्ह' म्हणावं लागत नाही. मला वाटलं, आता फाइल मागे पडली असेल. नाही. काही निवडलं नाही तर ते अजूनही फाइलच घेतं. आणि डेटाबेस घेतला म्हणून दोघांनी एकाच वेळी त्यात लिहावं, अशी सोयही तिथे नाही. म्हणजे डेटाबेस म्हटल्यावर जे जे मिळेल असं वाटतं, ते सगळं मिळतंच असं नव्हे.

याच्या उलट टोकाला जॉन विग्ली यांचं २००३ चं 'लेजर'. त्यात हिशोब म्हणजे निव्वळ मजकूर: तारीख, कुणाला, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात. प्रोग्रॅम त्यात काहीच लिहीत नाही, फक्त वाचतो आणि तेरीज काढून देतो. सासूबाई आज असत्या तर त्यांना हेच पटलं असतं असं मला वाटतं.

मग मी एक आकडेमोड केली. आपल्या घरात दिवसाला फार तर दहा नोंदी. वर्षाला ३,६५०, तीस वर्षांत साधारण एक लाख दहा हजार. देवनागरीत लिहिलं तर संगणकाला प्रत्येक अक्षराला जास्त जागा लागते, तरी एका नोंदीला तीनशे बाइट धरले तर सगळं मिळून तेहतीस एमबी. मोबाइलवर काढलेले आठ-दहा फोटो. तीस वर्षांचा संसार! डेटाबेस हवा कारण माहिती खूप आहे, हे कारण घरासाठी खरं नाही. बँकेसाठी असेल.

लेक मात्र हट्टाला पेटली होती. तिचं म्हणणं, प्रोग्रॅम फोनवर चालणार, फोन मध्येच बंद पडतो, फोन स्वतःच ॲप मारून टाकतो, आणि आई, तू नोंद अर्धी टाकून कुकर बघायला जातेस. हेही खरं.

तोडगा तिनंच दाखवला. 'एसक्यूलाइट' नावाचा डेटाबेस २००० मध्ये रिचर्ड हिप यांनी लिहिला. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरच्या कामात मोठा डेटाबेस चालवणारा सर्व्हर बंद पडला की सगळंच अडायचं, त्यावरून त्यांना सुचलं की सर्व्हरच नको. पूर्ण डेटाबेस एका फाइलीत. ती फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकता येते. तिची रचना उघडपणे लिहून ठेवलेली आहे आणि २०५० पर्यंत ती सांभाळायचा बनवणाऱ्यांचा मानस आहे. आपल्या फोनमध्ये ती आधीपासूनच असते. युद्धनौकेसाठी सुरू झालेलं काम आपल्या घरी भाजी-दुधाचा हिशोब ठेवणार, हे ऐकून मला बरंच वाटलं.

म्हणजे प्रश्न सुटला? माझा नाही. ती फाइलही मजकूर म्हणून उघडली तर चिन्हंच दिसतात. वाचायला एसक्यूलाइट लागतंच. मला नऊ वर्षांचे चौकोन आठवत होते.

तेव्हा मला मूडबिद्रीची आठवण झाली. श्रुतपंचमी आपण का पाळतो ते सगळ्यांना माहीत आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांना वाटलं की आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल, म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं, आणि षट्खंडागम लिहून पूर्ण झाला तो ज्येष्ठ शुद्ध पंचमीला. त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका पुढे शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. लोक लांबून जात आणि दर्शन घेऊन परत येत. वाचणारे मोजके. एक वाळवी, एक आग, एक गळकं छप्पर पुरलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या मुंबई-सोलापूरकडच्या श्रेष्ठींनी मनावर घेतलं आणि नकला करायला सुरुवात झाली. १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला, सोळावा येईपर्यंत १९५८ उजाडलं. आज ते खंड कुठल्याही मोठ्या मंदिराच्या कपाटात मिळतात.

जिनवाणीची आणि माझ्या भाजीच्या हिशोबाची बरोबरी मी करत नाहीये, गैरसमज नको. पण भांडार भक्कम असणं आणि नक्कल दुसरीकडे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथून उमगलं. डेटाबेस म्हणजे भक्कम भांडार. नक्कल कोण करणार, आणि ती कुठल्या लिपीत?

लेकीला मी माझी अट सांगितली. रोजच्या नोंदी तुझ्या एसक्यूलाइटमध्ये खुशाल ठेव, वीज गेली तरी दोन्ही बाजू शाबूत राहोत. पण दर महिनाअखेरीला सगळा हिशोब साध्या मजकुरात निघाला पाहिजे, एका ओळीत एक नोंद, मराठीत, कुठलंही यंत्र न विचारता वाचता येईल असा. त्याच्या दोन नकला, एक तुझ्याकडे, एक इथे. आणि दान, बोली, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, एवढ्यांची तेरीज दर दिवाळीला छापून लाल वहीत चिकटवायची.

"छापून?" ती म्हणाली.

"छापून."

तिनं ते बटण केलंय. त्यावर 'सेव्ह', 'एक्सपोर्ट' असलं काही लिहिलेलं नाही, 'नक्कल' लिहिलंय.

परवा श्रुतपंचमी झाली. मंदिरात शास्त्रं बाहेर काढली, पुसली, उन्हाची तिरीप दाखवून नव्या वेष्टनांत बांधली. घरी आल्यावर मी पेनड्राइव्ह काढला आणि मागच्या वैशाखाची फाइल शेजारच्या वहिनींच्या संगणकावर उघडून पाहिली. त्यांच्याकडे आमचा प्रोग्रॅम नाही. उघडली. तिसऱ्याच ओळीवर वहिनींचं बोट थांबलं. "हे साडेतीनशे माझ्या नावावर आहेत," त्या म्हणाल्या, "मी दिले होते की." पाहिलं तर खरंच, जमा करायची राहिली होती. तिथेच उलटी नोंद सांगून लेकीला फोन केला.